कारणाचा रकाना

भास्कर,

तुझ्या शोकसभेत कॉम्प्युटर सुरू झाला नाही.

अकोल्याचं तुझंच कॉलेज. ज्या प्रयोगशाळेत तू अठ्ठावीस वर्षं सहायक होतास, ती बरोबर त्या हॉलच्या डोक्यावर. पडद्यावर तुझे फोटो दाखवायचे होते. बटण दाबलं, काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ आली आणि तिथेच थांबली. माईकवर प्राचार्य होते. तुझ्या 'तंत्रसाधने'विषयी बोलता बोलता त्यांनी सवयीने मान वळवली आणि म्हणाले, "अरे, भास्करले बोलवा जरा." मग सगळा हॉल गप्प झाला. त्या दीड तासात खरी म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट घडली.

शेवटी मी उठून मागे गेलो. मशीनला पेनड्राइव्ह लावलेला होता, तुझ्या फोटोंचा. तो काढला, मशीन पुन्हा सुरू केलं, चालू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यावर तू जे म्हणाला असतास ते मी इथे लिहीत नाही, कारण हे छापायचं आहे.

ही युक्ती माझी नव्हे, हे तुला ठाऊक आहेच. शेंदूरजनाघाटच्या शाळेत आपण दोघांनी मिळून बारा जुन्या मशीनवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं होतं. उद्‌घाटनाला एक साहेब आले. नारळ, फीत, शाल, सगळं झालं. साहेबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं की सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. तू शांतपणे टेबलाखाली वाकलास, साहेबांच्या माणसाने लावून ठेवलेला त्यांच्या सत्कारांच्या फोटोंचा पेनड्राइव्ह काढलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "मशीन बराबर हाये. थे पयले यात पाहून राहिली होती. साहेबाच्या यात सुरू होण्यासारखं काईच नाई." साहेबांना वाटलं तू तांत्रिक बोललास. त्यांनी तुझी पाठ थोपटली. परत येताना पिशवीभर संत्री मांडीवर घेऊन तू वरुडपर्यंत हसत होतास.

परवा हॉलमध्ये मशीन आधी तुझ्या फोटोंत पाहत होतं. त्यातही सुरू होण्यासारखं काही नव्हतं. मी जागेवर येऊन बसलो. पुढचे वक्ते तुला 'संगणकमहर्षी' म्हणाले. या महर्षीला अठ्ठावीस वर्षांत कॉलेजने पाठ टेकायची खुर्ची दिली नाही, तो स्टुलावर बसायचा, हे कुणी म्हणालं नाही. मीही नाही. न बोलण्याची मला जुनी सवय आहे आणि हे पत्र त्या सवयीबद्दलच आहे.

तू मला डिस्कचे भाग पाडायला शिकवलंस तेव्हा आपण अमरावतीत माझ्या घरी बसलो होतो. मी इतिहासाचा मास्तर, पार्टिशन म्हटलं की मला सत्तेचाळीस आठवे. तू म्हणालास, "गुर्जी, एवढं मोठं काई नाई. वावर एकच असते. धुरे टाकाचे. एका तुकड्यात लिनक्स, एका तुकड्यात तुये कागदपत्रं. उद्या लिनक्स बिघडलं त त्याचा तुकडा नांगरून काढ, कागदाच्या तुकड्यात पाय ठेवू नको." आणि वर, "पण तुमच्या घराण्याले धुरा कोराची सवय. म्हणून तुयावर नजर ठेवा लागते." माझ्या आजोबांनी शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दर पावसाळ्यात वीतभर कोरला होता, हे मीच तुला वसतिगृहात असताना सांगितलं होतं. तीस वर्षं तू ते जपून वापरलंस.

आणि तुझा तो नियम. डिस्कवर काहीही लिहिण्याआधी शेवटचा पडदा मोठ्याने वाचायचा. डिस्कचं नाव, आकार, काय पुसलं जाणार, सगळं. कुणीतरी ऐकायला पाहिजे. त्याला कळलं नाही तरी चालेल. प्राचार्यांनाही तू वाचायला लावलं होतंस. मी म्हणायचो, हा मंत्रपाठ झाला, तू काय मंत्र मानणारा आहेस का? तू म्हणायचास, "मंत्र समजत नाई म्हणून मोठ्यानं म्हणतेत. हे समजाव म्हणून मोठ्यानं म्हणाचं."

आपला खरा वाद मात्र लिनक्सवरून नव्हता. तुझ्या बावरून, म्हणजे वडिलांवरून होता.

मूर्तिजापूरकडच्या खेड्यातले तुझे वडील दिवसा गवंडीकाम करत आणि संध्याकाळी पेटी घेऊन गायला जात. जयंतीला, लग्नाला, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला. लोकांनी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या त्यांच्या अकरा कॅसेटी तू गावोगाव हिंडून गोळा केल्यास. टिनाच्या खोलीतल्या उष्णतेने त्या चिकटत चालल्या होत्या. दोन वर्षं खपून तू त्या कॉम्प्युटरवर उतरवल्यास, आणि उतरवता उतरवता बहुतेक फिती तुटल्या. त्यात एक गाणं होतं, त्यांनी स्वतः बांधलेलं. छप्पन साली त्या गावातून धम्मदीक्षेला नागपूरला कोण कोण गेलं त्याचं. नुसती नावं. कोण बैलगाडीने मूर्तिजापूरपर्यंत गेलं, कोण पायी, कोणाच्या कडेवर लेकरू होतं. बा तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि त्या गाड्यांपैकी एकीत होते.

तू ते मला ऐकवलंस आणि मी म्हणालो, "सुंदर आहे. पण गाणं म्हणजे साधन नव्हे. कागद पाहिजे."

तू गाणं थांबवलंस. मग म्हणालास, "माया आज्याच्या नावाचा कागद कुठं भेटन तुले? सातबाऱ्यावर? थ्या कागदावर तुये आजे हायेत, वीतभर सरकून. आमचा कागद हाच हाये."

मी काहीतरी संदर्भग्रंथी उत्तर दिलं. ते मला आठवतं, पण लिहायची लाज वाटते.

तरीही त्या अकरा कॅसेटींची दुसरी प्रत तू माझ्याकडेच ठेवलीस. जुनी मोठी डिस्क माझ्या मशीनच्या डब्यात बसवलीस आणि म्हणालास, "एका गावात दोन प्रती ठेवू नाई. अकोल्याले आग लागली त अमरावतीत बा जित्ता पायजे." तेव्हापासून फोन ठेवताना तू विचारायचास, "बा बरा हाये ना?" मी म्हणायचो, "बरा आहे." आमच्या घरातल्यांना बरीच वर्षं वाटत होतं की तुझे वडील हयात आहेत.

मग तो शुक्रवार. एका अपडेटनंतर माझं मशीन उठेना. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "रविवारी येतो. तोवर हात लावू नको." मला एका चर्चासत्राचा निबंध पाठवायचा होता. विषय होता वऱ्हाडातील मौखिक परंपरा. हसू नकोस. शनिवारी सकाळी मी तू दिलेला पेनड्राइव्ह लावला आणि स्वतःच नव्याने लिनक्स टाकायला बसलो. यादीत दोन डिस्का होत्या, एकाच कंपनीच्या. नावात शेवटच्या दोन अक्षरांचा फरक आणि पुढे आकार. 'संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडला; माझ्या कागदांची प्रत वेगळी काढलेली होतीच. शेवटचा पडदा आला. घरात ऐकायला बायको होती. मी वाचला नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाने स्वयंपाकघराकडे तोंड करून डिस्कचं नाव काय वाचायचं.

वीस मिनिटांत मशीन सुरू झालं. मी फार खूश होतो. मग माझ्या लक्षात आलं की माझे जुने कागद सगळे जागच्या जागी आहेत. ते असायला नको होते; म्हणजे पुसली गेली होती ती दुसरी, बांची डिस्क.

रविवारी तू आलास. चालू मशीन पाहून म्हणालास, "वा गुर्जी. आता मले चहापुरतंच बोलावत जा." चहा घेतलास. निघताना दारात चप्पल घालत विचारलंस, "बा बरा हाये ना?"

मी म्हणालो, "बरा आहे."

या दोन शब्दांबद्दल मी स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगतो. मूळ प्रत अकोल्यात सुरक्षित होती. एखाद्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी पुन्हा प्रत मागून घेणार होतो. तुला कळायची गरज नव्हती. नुकसान झालंच नव्हतं. पुरावा नष्ट करणारे लोक नंतर स्वतःला काय सांगत असतील, याबद्दल मी वर्गात तास घेतलेले आहेत. त्या तासांत मी कधी एवढा पटण्याजोगा बोललो नव्हतो.

सहा महिने गेले. दर फोनला तू विचारलंस, दर फोनला मी तेच म्हणालो. निमित्त काही निघालं नाही. मे महिन्यात अकोल्यात तुझी डिस्क खरोखरच गेली, टकटक करत दोन दिवसांत. तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आवाजात काळजी नव्हती. "माझ्याकडचा बा गेला, गुर्जी. तुयावाला घेऊन ये."

टॉवेलमध्ये गुंडाळलेली डिस्क मांडीवर घेऊन मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत ठरवलं होतं की सांगायचं. तुझ्या दारात पोचल्यावर म्हणालो, "उठत नाही रे ही. बहुतेक गेली."

तू ती स्टुलावर ठेवून जोडलीस. डिस्क व्यवस्थित फिरायला लागली. पडद्यावर दिसली. एकच मोठा भाग, सहा महिन्यांपूर्वी पाडलेला, आणि त्यात माझ्या नावाचा फोल्डर. एवढं वाचायला तुला पाच सेकंदही लागले नसतील. मी चहाच्या कपात पाहत होतो. कूलरचा आवाज येत होता. तू म्हणालास, "हं." मग वायर काढत, "तू जाय. गाडी चुकन. मी पायतो."

एवढंच. पुढचे तीन महिने तू त्या डिस्कमधून उरलंसुरलं वेचत होतास, हे मला वहिनींकडून कळलं. एकदा तू कॉलेजच्या पोरांना शिकवत होतास, मी तिथे बसलो होतो. तू त्यांना म्हणालास, "पुसलं त लगेच सांगा. तसंच बंद करून ठेवलं त बरंच वापस भेटते. वापरत राह्यलं की वरून नवीन लिहिल्या जाते, मंग देव बी देऊ शकत नाई. अन देव त नाईच." पोरं हसली. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. वरून जे लिहिलं गेलं होतं, ते मौखिक परंपरेवरचे माझे तीन निबंध होते.

त्यानंतरची तीन वर्षं आपण भेटलो, भांडलो, जेवलो. तू फोनवर सगळं विचारायचास. 'बा बरा हाये ना' तेवढं पुन्हा कधी विचारलं नाहीस.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला. "भाऊ, त्याइचा ल्यापटॉप सुरू होऊन नाई राह्यला. दवाखान्यात नेलं त्या दिवशी तसाच चालू राह्यला होता. रविवारी पुण्यानुमोदन हाये. मामाजीच्या कॅसेटीतल्या गाण्याचं जे काई उरलं थे त्यात हाये म्हणत होते. थेवढं लावा लागते." चौकातला दुकानदार म्हणाला होता फॉरमॅट करावं लागेल. वहिनी त्याला म्हणाल्या, "हात लावू नको बापा, अमरावतीचे भाऊ येऊन राह्यले." तुझ्या घरात माझ्यावर एवढा विश्वास शिल्लक असेल, असं मला वाटलं नव्हतं.

गेलो. काळा पडदा, त्यावर सूचना: डिस्कमध्ये विसंगती आहे, हाताने तपासा. बॅटरी संपून मशीन लिहिता लिहिता मेलं होतं. तू शिकवल्याप्रमाणे आधी दुरुस्ती नाही, आधी प्रत. तुझाच पेनड्राइव्ह लावला. दोन पर्याय आले: इन्स्टॉल न करता वापरून पाहा, आणि इन्स्टॉल करा. मी कशावरही बोट ठेवलं नाही. वहिनी पलीकडे सुपात तुरीची डाळ निवडत होत्या.

"वहिनी, जरा इथे बसता का? मी वाचतो ते ऐका."

"मले काय समजते भाऊ त्यातलं?"

"समजायला नको. तुम्ही ऐकताय म्हटलं की मी नीट वाचीन."

त्या सूप घेऊन शेजारी बसल्या. मी डिस्कची नावं वाचली, आकार वाचले, कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर प्रत जाणार ते वाचलं. त्या दर वाक्याला "हं" म्हणाल्या. मग दुपारभर प्रत होत राहिली. उकाडा असा की पंख्याखाली ठेवूनही डिस्क हाताला चटका देत होती. प्रत झाल्यावर दुरुस्ती केली. मशीन सुरू झालं आणि पासवर्ड मागायला लागलं.

"रजिस्टरात पाहा," वहिनी म्हणाल्या. "त्याइचं सबन त्यात हाये."

तुझं ते लांबडं लाल रजिस्टर मी नुसतं ऐकून होतो. दुरुस्त केलेलं प्रत्येक मशीन त्यात. तारीख, यंत्र, लक्षण, कारण, उपाय. कारणाच्या रकान्यात तू कुणाचीही भीड ठेवलेली नाहीस. 'प्राचार्य. चहा सांडला. दोन दिवस सांगितले नाही.' 'मालकाला स्वतःला येते असे वाटले.' 'माझी चूक. घाई केली.' हे शेवटचं सात ठिकाणी आहे. मी मोजलं.

पासवर्ड शोधता शोधता ते पान आलं.

यंत्र: गुर्जीकडची डिस्क. लक्षण: उठत नाही असे सांगितले. उपाय: तुकडे मिळाले, ४१. उरलेले गेले.

कारणाचा रकाना शाईने भरलेला नव्हता. तिथे पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'गुर्जी सांगतील.'

भास्कर, तू मला झापलं असतंस तर मी माफी मागितली असती, दोन दिवस वाईट दिसलो असतो आणि मोकळा झालो असतो. हे तुला माहीत होतं का? पेन्सिल वापरलीस, म्हणजे ते खोडून वर लिहायचं होतं. म्हणजे तू वाट पाहत होतास. गेल्या दिवाळीत आपण राजेश्वराच्या देवळामागून फिरत गेलो तेव्हा तू दोनदा बोलता बोलता थांबला होतास. मला वाटलं, दम लागला.

पासवर्ड पुढच्या पानांत सापडला आणि मी ते एक्केचाळीस तुकडे ऐकले. बहुतेक काही सेकंदांचे. बांचा खोकला. पेटीचा भाता. कुणीतरी विचारतंय, "माईक चालू हाये का?" नावांच्या गाण्याचा एकच तुकडा आहे. सखाराम, मग त्याचा भाऊ, मग पार्वती आणि कडेवरचं लेकरू, मग 'मागल्या गाडीत' एवढं म्हणून तुटतो. मागल्या गाडीत कोण कोण होतं हे आता कुणालाच माहीत नाही. तुझे बा त्याच गाडीत होते, असं तू म्हणायचास.

वहिनींनी डाळ बाजूला ठेवून ऐकलं. संपल्यावर मी म्हणालो, "वहिनी, अजून एक वाचायचं आहे." आणि रजिस्टरमधली ती ओळ वाचली. मग बाकीचंही सांगितलं. शनिवार, रविवार, दारातली चप्पल, टॉवेल.

त्या सुपातल्या डाळीवरून हात फिरवत राहिल्या. "सांगतलं होतं त्याइनं मले," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, विचारून टाका ना एकदाचं. त म्हणे, मी विचारलं त मंग त्यानं आपल्या मनानं काय सांगतलं?" मग डाळीतला एक खडा बाजूला काढून, "तुमी आले की पयले तुमच्या तोंडाकडं पायत जायचे. मले कळे."

मी रजिस्टरच्या त्या पानावर बोट ठेवून होतो.

"तुमी लय येळ लावला भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. मग उठल्या, फडताळातून तुझा पेन काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "लिहा. अन वाचून दाखवा."

मी पेन्सिल खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं: 'दुसऱ्याची डिस्क पुसली. वाचले नाही. कळल्यावर सहा महिने सांगितले नाही. नंतर खोटे सांगितले.' खाली पूर्ण नाव लिहिलं, गुर्जी नाही. मग मोठ्याने वाचलं. वहिनी दर वाक्याला "हं" म्हणाल्या.

रविवारी पुण्यानुमोदनाला तो तुकडा लागला. मांडवात पोरं, म्हातारे, तुझ्या गावचे लोक बसले होते. सखाराम, त्याचा भाऊ, पार्वती, मागल्या गाडीत, आणि थांबलं. लोकांना वाटलं मशीन बंद पडलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीही दुरुस्त करायला उठलो नाही.